ख्रिस्ती शिक्षकाची शिक्षणदृष्टी



सात पाचे पस्तीस. हा पाढा हिंदूच्या मुलाला जसा, तसाच मुसलमानाच्या, बौद्धाच्या आणि ख्रिस्ती माणसाच्या मुलालाही म्हणावा लागतो. पाणी शंभर अंशांवर उकळते ते उकळणाऱ्याचा धर्म विचारून उकळत नाही. मग ‘ख्रिस्ती शिक्षणदृष्टी’ असा शब्द उच्चारताच सूज्ञ माणसाच्या कपाळाला आठी पडावी, यात नवल नाही. माझ्या वर्गातून बाहेर पडणारे पुष्कळसे विद्यार्थी पुढे शिक्षकाचा पेशा पत्करतात. त्यांतले ख्रिस्ती विद्यार्थी कधी कधी विचारतात, “सर, आमच्या धर्माचा आमच्या शिकवण्याशी संबंध काय? बायबलचा तास सोडला तर बाकी सगळं सारखंच ना?” प्रश्न चांगला आहे. पण त्याचे जे उत्तर सर्रास दिले जाते, ते मात्र मला फारसे मानवत नाही.

ते उत्तर असे की, प्रत्येक धड्याला पवित्र शास्त्रातले एखादे वचन जोडावे. पावसाचा धडा आला की नोहाचा पूर सांगावा, माशांचा आला की गालील समुद्र आणावा. हे म्हणजे मळकट सदऱ्याला नवी गुंडी लावण्यासारखे झाले. विज्ञानाचा धडा विज्ञान म्हणूनच नीट शिकवावा. जो ख्रिस्ती शिक्षक भूगोल वाईट शिकवतो, त्याच्या प्रार्थनेने भूगोल सुधारत नाही. आणि मुलांना हे आपल्या आधी कळते, बरं का!

मग श्रद्धा शिरते कुठे? माझ्या मते ती विषयाच्या आधी शिरते. समोर जे पोर बसले आहे ते कोण आहे, या प्रश्नाच्या उत्तरात ती शिरते. प्रत्येक शिक्षकाजवळ या प्रश्नाचे काहीतरी उत्तर असतेच, मग त्याने ते कधी शब्दांत मांडलेले असो वा नसो. कुणाला मूल म्हणजे रिकामी घागर वाटते, कुणाला निकालाच्या टक्केवारीतला एक आकडा, कुणाला तर नुसती कटकट. ख्रिस्ती परंपरेचे उत्तर असे की, मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झालेला आहे. अमक्या घरचा किंवा अमक्या हुशारीचा नव्हे, तर मनुष्य म्हणून मनुष्य. हे वाक्य रविवारी उपासनेत ऐकायला सोपे आहे. सोमवारी सकाळी शेवटच्या बाकावर, नाक पुसत, पाटी न आणता बसलेल्या मुलाकडे पाहून ते आठवणे अवघड.

हे वाक्य ज्याने अगदी गंभीरपणे घेतले अशा एका माणसाची ओळख करून देतो. त्याचे नाव योहान आमोस कोमेनियस. जन्म १५९२ सालचा, मोराविया प्रांतातला. हा प्रांत आज झेक देशात मोडतो. आईबाप लहानपणीच गेले. लॅटिन शाळेत पाऊल ठेवायला वयाची सोळा वर्षे उजाडावी लागली. आणि त्या शाळेत अर्थावाचून पाठांतर आणि मार, याखेरीज फारसे काही नव्हते. पुढे तो आपल्या छोट्याशा ख्रिस्ती पंथाचा धर्मगुरू आणि अखेर बिशप झाला. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले, त्यात घर गेले. प्लेगच्या साथीत तरुण पत्नी आणि मुले गेली. १६२८ साली देश सोडून पोलंडात आश्रय घ्यावा लागला. तिथेही १६५६ साली गाव जळाले आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते राख झाली. अशा माणसाने आयुष्यभर विचार कशाचा केला? शाळेचा!

त्याचे म्हणणे थोडक्यात असे: देवाने माणसांत पंक्तिप्रपंच केलेला नाही, तर शाळेने तो करण्याचे कारण नाही. मुलगा असो, मुलगी असो, सरदाराचा असो की मोलकऱ्याचा, सर्वांना शाळेत घ्या. कुणी म्हणेल, पण काही मुलं मुळातच मंद असतात त्यांचं काय? त्यावर त्याचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. जो मंद आहे त्याला तर शिकवण्याची गरज अधिकच. कोणाकडून देवाला पुढे कोणते काम करून घ्यायचे आहे, हे आपल्याला काय ठाऊक? सतराव्या शतकातली ही भाषा आहे, हे ध्यानात घ्या. आणि या एका श्रद्धेतून त्याची सगळी पद्धत निघाली: आधी मातृभाषा, मग परभाषा, आधी वस्तू, मग शब्द, मार नको, क्रम हवा. १६५८ साली त्याने मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापले. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारी त्या त्या आकड्याचा शब्द. आज आपल्या पहिलीच्या पुस्तकात चित्र आणि त्याखाली शब्द असतो, त्याचा हा फार जुना पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आता खुद्द येशू ख्रिस्ताकडे वळू. शुभवर्तमानात लोक त्याला गुरुजी म्हणून हाक मारतात, हे आपण सहसा विसरतो. त्याला शाळा नव्हती, फळा नव्हता. नावेत बसून, डोंगरावर, जेवणाच्या पंक्तीत, विहिरीच्या काठावर त्याने शिकवले. विचारलेल्या प्रश्नाला पुष्कळदा उलट प्रश्न केला आणि सांगितले ते दाखल्यांनी. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा नव्हे, दृष्टांत या अर्थाने! पीठ मळणारी बाई, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई, मेंढपाळ, पेरणारा. सगळी खेड्यातली माणसे.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. आपल्याकडचा शेतकरी हे ऐकून म्हणेल, “हा कसला शेतकरी? वाटेवर बी सांडतो?” कारण आपण पाभरीने पेरतो; चाड्यातून नळ्यांवाटे बी सरळ सरीत जाते. तिकडे बी मुठीने फोकून पेरत, जसे आपल्या कोकणात रोपासाठी भात टाकतात. तेव्हा काही दाणे इकडेतिकडे जाणारच. शिक्षकाच्या दृष्टीने या दाखल्यातली मौज अशी की, पेरणारा मुठी आवरत नाही. आधी जमिनीची परीक्षा घेऊन मग निवडक वाफ्यातच बी टाकू, असे तो म्हणत नाही. आपण मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यातच वर्गाचे ‘हुशार’, ‘मध्यम’ आणि ‘ढ’ असे तीन वाफे पाडून मोकळे होतो.

मेंढराचा दाखला तर हजेरीपटाला सरळ भिडतो. शंभर मेंढरांतले एक हरवले, नव्याण्णव आहेत. एखाद्या शाळेची हजेरी शंभरात नव्याण्णव भरली तर साहेब शेरा लिहून जातील, ‘समाधानकारक’. मेंढपाळाला ते समाधानकारक वाटले नाही. आपल्या माळावरच्या धनगराला विचारा. संध्याकाळी मेंढरे वाड्यात कोंडताना तो मोजतो, आणि एक कमी भरले तर ‘बाकीची आहेत ना’ म्हणून तो जेवायला बसत नाही.

आणखी एक दाखला सांगतो, त्याची आपल्या मराठवाड्यात रोज गाठ पडते. एका मळेवाल्याने द्राक्षमळ्यात मजूर लावले. काही पहाटे, काही दुपारी, काही तर दिवस मावळायला तास उरला तेव्हा. त्या शेवटच्यांना त्याने विचारले, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणाले, आम्हाला कुणी कामाला लावलेच नाही. संध्याकाळी मजुरी वाटली ती सर्वांना पुऱ्या दिवसाची. पहाटे आलेले कुरकुरले. त्यांची कुरकूर आपल्याला पटते, कारण आपण सगळे स्वतःला पहाटे आलेले समजतो.

आता बीड जिल्ह्यातली एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायकोचा एक कोयता, आणि त्यांच्यामागे गाडीत पोरे. वर्ग निम्मा रिकामा होतो. कारखान्यावर साखरशाळा असली आणि ती चालली तर ठीक, नाही तर मोठी मुलगी खोपीत धाकटे भाऊ सांभाळते. उन्हाळ्याच्या तोंडी ही मुले परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा दाराशी उभी असते. हे ते शेवटच्या तासाला आलेले मजूर. ‘का रे, इतके दिवस कुठे होतास?’ असे दरडावून विचारणारा शिक्षक उत्तर ऐकण्यासाठी विचारत नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसण्याचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी वेगळे शिकवण्याचा हक्क दिला आहे. कायद्याने मुलाला बाक मिळतो. पण पाठीमागे पडलेल्या त्या मुलाला ‘पुऱ्या दिवसाची मजुरी’ द्यायची, म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलाइतकाच वेळ आणि तितकेच लक्ष द्यायचे, की ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणायचे, हे शिक्षकच ठरवतो. तिथे त्याची शिक्षणदृष्टी कळते, मग त्याने ती कागदावर कशीही मांडलेली असो.

शिस्तीविषयी दोन शब्द. ख्रिस्ती धर्म मनुष्याला देवाची प्रतिमा म्हणतो तसा पापीही म्हणतो. या दुसऱ्या शिकवणीचा आधार घेऊन कित्येक मिशनशाळांतून, इंग्लंडात आणि इथेही, मुलांना बेदम चोपण्यात आले. जुन्या करारातल्या छडीच्या वचनांचा त्यासाठी हवाला देत. मला गंमत वाटते ती अशी की, मनुष्यमात्र पापी हे जर खरे, तर छडी धरणारा हातही त्यातलाच नव्हे का? मग एका पाप्याच्या हातात दुसऱ्या, धाकट्या पाप्याला मारण्याचा अनिर्बंध अधिकार देणे, हे त्या शिकवणीत बसते कसे? आता तर शारीरिक शिक्षेला आणि मुलाच्या मानसिक छळालाही कायद्याने बंदी आहे, तेव्हा वाद मिटला. पण चुकलेल्या मुलाचे काय करावे हा प्रश्न उरतोच. पेत्राने ऐन वेळी तीनदा गुरूला नाकारले. पुढे गुरूने त्याला गाठले तेव्हा त्या रात्रीचा जाब विचारला नाही. तीनदाच विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? आणि लगेच काम सोपवले, कोकरे चारण्याचे. चुकलेल्याला पुन्हा जबाबदारीचे काम देणे, हा शिस्तीचा प्रकार आपण वर्गात किती वेळा करून पाहतो? ज्याने खडू चोरले त्याच्याकडे खडूच्या डब्याची व्यवस्था देणे वाटते तितके वेडेपणाचे नाही.

आता आपल्याच मातीतल्या एका शिक्षिकेविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण हा सगळा प्रश्न तिच्या आयुष्यात अगदी उघडा होऊन उभा राहिला. पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला होता. म्हणजे बाईला शिकवणे हे रमाबाईंच्या घरातच, ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधी, आलेले होते. हे मुद्दाम सांगतो. कारण ख्रिस्ती लोकांनीच इथे सारे शिक्षण आणले अशी एक बढाई असते, ती पुरती खरी नाही. अर्थात जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हेही तितकेच खरे आहे. देणेघेणे दोन्हीकडून झाले.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई उसळल्या. माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि तुम्ही घेता! असा त्यांचा सवाल होता. धर्मगुरू म्हणतात म्हणून एखादा सिद्धान्त मानायलाही त्या तयार नव्हत्या. तिथल्या प्रमुख मिस बील यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला, शंका आणि समाधाने यांचा. मिस बील यांनी शंका घेणाऱ्या विद्यार्थिनीला गप्प केले नाही, तिच्याशी वाद घातला. श्रद्धावान शिक्षकाने हे शिकण्यासारखे आहे.

पुढे १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. तिथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला आणि अमेरिकन लोकांच्या मदतीने १८८९ साली मुंबईस विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. सुरुवात दोन मुलींनी. त्यांतल्या एक गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती.

१८९० साली सदन पुण्यास गेले, आणि तिथे वाद पेटला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्या मुलीला हाकलणार नाही आणि माझ्या खोलीचे दारही लावणार नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. त्यात रानडे आणि भांडारकरही होते. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात न्याय कुणाच्या बाजूला? ख्रिस्ती लेखक रमाबाईंच्या बाजूने सहज निकाल देतात, आणि विरोधक सहज विरुद्ध. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. शिक्षकाने आपली श्रद्धा कपाटात कुलूप लावून ठेवावी, ही मागणी अन्यायाची आहे. तशी ती ठेवताही येत नाही. पण दुसरी बाजू पाहा. ज्या मुलीला जगात कुणी विचारत नाही, तिला जी बाई जेवू घालते, शिकवते, जवळ घेते, त्या बाईचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. त्या मुलीला ते बोलावणेच वाटते. रमाबाईंनी बोलावले नाही हे अक्षरशः खरे आहे. पण शिक्षकाचे प्रेम हीच एक सत्ता आहे, आणि ते प्रेम जितके खरे तितकी ती सत्ता मोठी. रानड्यांना दिलेला शब्द आणि स्वतःच्या खोलीतली मोकळीक, या दोहोंचा एका छपराखाली मेळ बसणे कठीण होते. उलटपक्षी, गोदूबाई त्याच सदनात राहिल्या, शिकल्या, आणि हिंदूच राहून कर्व्यांच्या कार्यात जन्मभर राबल्या. तेव्हा त्या दारातून आत जाणे सक्तीचे होते, असेही कुणाला म्हणता येणार नाही.

त्यानंतर रमाबाईंनी वाट स्पष्ट केली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध स्त्रियांसाठी वेगळी शाळा; रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी आत्मसात केली होती. ज्यांचा प्रभूच सुतार, त्यांनी हाताच्या कामाला कमी लेखायचे नाही, हे तिथे वेगळे शिकवावे लागत नसे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत बायबलाचे भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनीच.

आता आजच्या शिक्षकाकडे येऊ. तुमच्यापैकी पुष्कळसे ख्रिस्ती शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. याचा कुणाला जाच वाटत असेल तर मी म्हणेन, वाटून घेऊ नका. तुमच्या ताब्यात दिलेली मुले दुसऱ्यांची आहेत आणि त्यांच्या आईबापांनी तुमच्यावर विश्वास टाकला आहे. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी, हरवलेल्या मेंढराला शोधण्यापासून चुकलेल्याच्या हाती खडूचा डबा देण्यापर्यंत, एकही गोष्ट करण्यासाठी ख्रिस्ताचे नाव घ्यावे लागत नाही. आणि हीच दृष्टी दुसऱ्या धर्माच्या किंवा कोणताही धर्म न मानणाऱ्या सहकाऱ्याजवळ आढळली तर हिरमुसू नका. ती आपल्याच घरची मक्तेदारी आहे असे मानणे हा एक प्रकारचा गर्व होय.

आपली दृष्टी तयार करायची तर एक साधी वही पुरे. वर्गातली अशी पाच मुले निवडा, ज्यांची नावे तुमच्या तोंडी सर्वांत कमी येतात. एकेकाचे घर, कामधंदा, कशात मन रमते, कशाला भिते, ते लिहीत जा. दोन महिन्यांनी त्या टिपणांकडे पाहिले की आपण मुलाला खरोखर कोण समजतो, ते आपल्याच अक्षरात दिसेल.

आणि जे ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत किंवा वसतिगृहांत आहेत, त्यांच्यासाठी शारदा सदनाच्या वादातून निघणारी एक व्यवहाराची गोष्ट. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क आहे. पण २८ व्या कलमातच असेही म्हटले आहे की, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तेव्हा सकाळी प्रार्थना कोणती होते, बायबलचा तास आहे की नाही, त्याला बसणे न बसणे कुणाच्या हाती आहे, हे प्रवेशअर्जावरच सोप्या मराठीत छापावे. आणि आईबापांना वाचता येत नसेल तर मुख्याध्यापकांनी स्वतः, अंगठा उठवून घेण्याआधी, ते त्यांना वाचून दाखवावे.